दोह्यात मंगोलियन विहीणबाईंना ‘नको’ म्हटलं तेव्हा

संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या माणसाची नातेवाइकांना दोनच कामांसाठी आठवण होते: बारशाला नाव सुचवायला आणि लग्नपत्रिकेतला श्लोक तपासायला. म्हणून धाकट्या बहिणीचा, मीनलचा, दोह्याहून फोन आला तेव्हा मी पत्रिकेचा मजकूरच मागितला.

"पत्रिका राहू दे, दादा. केतकीची होणारी सासू मंगोलियाहून येतेय. तू भाषावाला ना? ये लवकर."

"मला मंगोलियन येत नाही गं."

"आम्हाला तरी कुठे येतं? पण न येणं तुला जास्त शोभतं."

प्रकरण असं होतं. माझी भाची केतकी दोह्यातच वाढलेली, घरीही बहुतेक इंग्रजीतच बोलणारी. तिच्या ऑफिसातल्या गनबात नावाच्या मंगोलियन इंजिनिअरशी तिचं जमलं होतं. त्याची आई एर्देने, उलानबातरच्या शाळेतल्या निवृत्त भूगोलशिक्षिका. विरोध अजिबात नव्हता, पण एक अट होती. "मुलानं भाषांतर करून दिलेली सून मला नको. मोडकंतोडकं चालेल, पण तिच्या तोंडून ऐकू दे. मग हो म्हणेन." केतकी तीन महिने अ‍ॅपवर मंगोलियन शिकत होती आणि आता रडकुंडीला आली होती.

नाशिकहून मुंबई आणि तिथून साधारण चार तासांचं विमान. जाणार असाल तर थंडी सरता सरता जा, हवा आपल्या डिसेंबरसारखी असते. विमानतळावरून टॅक्सी करू नका. मेट्रो दोन रियालात नेते: लाल मार्गावरून मुशैरिबला उतरायचं आणि सोनेरी मार्गानं बिन महमूद. मात्र शुक्रवारी ती दुपारनंतर सुरू होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी नेमका शुक्रवारी सकाळी उतरलो. टॅक्सीवाला केरळचा. फुटबॉलच्या विश्वचषकासाठी सगळं शहर खणून ठेवलेलं, त्यामुळे प्रत्येक वळणावर नवा फलक आणि नवा वळसा. "साब, रोज रास्ता बदलता है," तो म्हणाला, "मॅच शुरू होने तक स्टेडियम मिल जाएगा, इन्शाल्ला."

संध्याकाळी मी, मीनल आणि केतकी कॉर्निशवर फिरायला गेलो. समुद्राकाठी सामन्यांचे उरलेले दिवस दाखवणारं घड्याळ उभं होतं आणि त्याच्यासमोर लोक फोटो काढत होते. केतकीनं त्याच्याकडे पाठ केली.

"मला ते बघूनच टेन्शन येतं, मामा. शी इज कमिंग ऑन संडे." पहिलं वाक्य मराठीत आलं म्हणून मीनल माझ्याकडे चमकून बघायला लागली.

करक चहा घेऊन बसलो. (गाडीवरचा घ्या. वेलचीचा वास येतो आणि हॉटेलातल्यापेक्षा किती तरी स्वस्त.) केतकीनं अडचणी सांगितल्या. घशातला ख जमत नाही. ल म्हणताना जिभेच्या दोन्ही बाजूंनी वारा सोडावा लागतो. लिहिलेले स्वर बोलताना गायब होतात. आणि स्वरांत पुरुष-बायका असतात. एका शब्दात सगळे पुरुष तरी, नाही तर सगळ्या बायका. एकत्र नांदत नाहीत.

"आणि मी त्याच घरात मिक्स्ड मॅरेज करतेय!"

"ख चं सोड," मी म्हणालो, "दिवसभर इथल्या अरबांसारखं खलास खलास करतेस, तोच ख. वाक्याचं काय?"

"दॅट्स द वर्स्ट! सगळं उलटं. व्हर्ब एंडला, 'इन', 'फ्रॉम' वगैरे वर्डच्या मागे."

"उलटं कुणाच्या? बाजारातून दूध आणून चहा करते, असं आई म्हणते ना? त्यात क्रियापद कुठे आहे?"

ती थांबली. ओठ हलले. मग तिनं एक मंगोलियन वाक्य म्हटलं आणि फोनवर गनबातला ऐकवलं. पलीकडून टाळ्या. इंग्रजीतून मंगोलियाला जाणं म्हणजे नाशिकहून मुंबईला जाताना लंडनला गाडी बदलणं. हे मी तिला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. तिनं माझा उरलेला करक पिऊन टाकला.

शनिवार सरावात आणि अल मुंतझा भागातल्या दुकानांत गेला. तिथे चणाडाळीपासून जायफळापर्यंत सगळं मिळतं, आणि रविवारी पुरणपोळी होती.

रविवारी संध्याकाळी एर्देनेबाई आल्या. ठेंगण्या, गुलाबी गालांच्या, हातात मोठा थर्मास. आईला सोडून गनबात ठरल्याप्रमाणे खाली निघून गेला. नमस्कार-चमत्कार झाले. बाईंनी थर्मास उघडला, वाटीत दुधाळ चहा ओतला आणि दोन्ही हातांनी मीनलपुढे धरला.

"अय्या, नको नको! तुम्ही घ्या आधी," मीनल हात हलवत म्हणाली.

वाटी माधवरावांकडे, म्हणजे मीनलच्या नवऱ्याकडे वळली. "नको, आत्ताच झाला."

मग माझ्याकडे. मीही सवयीनं छातीवर हात ठेवून मान हलवली. तिघेही आग्रहाची वाट बघत गोड हसत बसलो.

बाईंनी चहा थर्मासात परत ओतला आणि झाकण घट्ट फिरवलं. चेहरा शाळा सुटल्यानंतरच्या वर्गासारखा रिकामा.

"आई!" केतकी कुजबुजली, "त्यांच्यात दिलेलं परत करत नाहीत. निदान ओठाला लावायचं असतं. घर नाकारल्यासारखं होतं ते!"

"अगं, पण एकदम हो कसं म्हणायचं? हावरट दिसतं."

केतकी बाईंच्या समोर जमिनीवर बसली. आधी स्वतःशी मराठीत पुटपुटली, आम्हाला स्पष्ट ऐकू आलं: "आमच्यात, एकदा नको म्हणून, दुसऱ्यांदा नको म्हणून, तिसऱ्यांदा पितात. नको म्हणजे नाही नव्हे, थोडं थांबा." मग तेच, शब्दामागे शब्द लावत, मंगोलियनमध्ये. दोनदा अडखळली. एकदा ल चा वारा माझ्यापर्यंत आला.

एर्देनेबाई ऐकत राहिल्या. मग त्यांच्या पोटातून हसू वर येताना दिसलं. थर्मास पुन्हा उघडला.

"दाख्याद," म्हणजे पुन्हा, असं म्हणत त्यांनी मीनलच्या हातात वाटी कोंबली. मीनलनं मोठा घोट घेतला. चहात मीठ होतं. माझ्या बहिणीनं ते गिळून "छान!" म्हटलं. तिच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं संस्कृतिकार्य.

पुरणपोळीच्या वेळी बाईंनी एक बोट वर करून "नको" म्हटलं, दोन बोटं वर करून "नको" म्हटलं आणि तिसऱ्यांदा ताटच पुढे केलं. माधवराव हसता हसता खुर्चीवरून घसरले.

मग माझी पाळी. त्यांच्याकडे ग्रहांना जुनी संस्कृत नावं आहेत हे मी वाचून गेलो होतो. मी म्हटलं मंगळ, अंगारक. त्या म्हणाल्या अंगारग. बुध, बुद. बृहस्पती, बारखासबाद. शुक्र, सुगार. शनैश्चर, सांचिर. भूगोलाच्या बाई आणि संस्कृतचा माणूस, आम्ही अख्खी सूर्यमाला पालथी घातली. त्यानंतर मला पाणी मागायचं होतं, ते मात्र खुणेनं मागावं लागलं.

गनबात वर आला तेव्हा त्याची आई आणि केतकी बाल्कनीत बोलत होत्या. खरं तर आई बोलत होती, केतकी अडत होती, आई थांबत होती. तो मध्ये पडून भाषांतर करायला लागला तर आईनं त्याला हातानंच आत घालवलं. "काय म्हणाल्या?" मीनलनं त्याला इंग्रजीत विचारलं.

"म्हणाली, तुझं काम संपलं. मला सून सापडलीय."

मी नाशिकला परतून महिना झाला. इंग्रजीवाल्याला मंगोलियन किती अवघड, असं कुणी विचारलं तर सांगतो: बरीच. घरची भाषा अडगळीत टाकली असेल तर आणखी. काल केतकीमार्फत एर्देनेबाईंचा आवाजी निरोप आला, नाशिकचा हिवाळा सुखाचा गेला का? मी संध्याकाळभर घोकून तीन शब्दांचं उत्तर पाठवलं. थोड्या वेळानं केतकीचा मराठीत फोन:

"मामा, त्या म्हणतात, काहीच कळलं नाही. पण पुन्हा पाठवा, शेजारणींना ऐकवायचंय."