बंदीची दवंडी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती चोरी मोताळ्याची आणि कोणती चिखलीची, हे मलाच धड सांगता येत नाही. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं, आणि गंमत अशी की त्याचा गुन्हा दाखलच झाला नाही. स्टेशन डायरीत दोन ओळींची नोंद आहे, तेवढीच.

मी तेव्हा ठाणेदार होतो. रोहिणखेडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आमच्या हद्दीत एक गाव होतं. इंग्रजांच्या काळात सरकारी रानातलं गवत कापायला बंदी होती. ती मोडायला या गावातली माणसं विळे घेऊन रानात गेली आणि तिथून तुरुंगात गेली. त्यांच्या नावांचा दगडी खांब गावाने एसटी थांब्याजवळ उभारला होता. पंधरा ऑगस्टला त्याचं अनावरण होतं. त्याच्या आधल्या आठवड्यात एका सकाळी ठाण्यात निरोप आला, खांबाला कोणीतरी डांबर फासलं आहे.

मी पोहोचलो तेव्हा गाव दोन बाजूंना उभं होतं. खांबासाठी खटपट केलेले सरपंच तावातावाने म्हणाले, "साहेब, हे विरोधी पार्टीचं काम आहे. आजच्या आज उचला त्याहिले."

"यानंच फासलं, अन् आता आमच्यावर ढकलून राह्यला," पलीकडून ओरडा झाला.

गर्दी ओरडत असली की आपण वस्तूकडे बघावं, हा माझा नेम. माझे जुने हवालदार तर खांबासमोर उकिडवेच बसले होते. "साहेब, नावं तं सारी साफ आहेत," ते हळूच म्हणाले.

खरंच होतं. डांबर फक्त सगळ्यात खालच्या ओळीवर होतं. वरच्या एका नावावर थेंब उडाला असावा, तो रॉकेलने पुसलेला होता. वास अजून येत होता. चिडून खांब विद्रूप करणारा माणूस एवढा जपून काम करत नाही.

"खाली काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"गावातल्या फितुरीमुळे सत्याग्रही पकडले गेले," सरपंच म्हणाले. "त्या वेळचा पोलीस पाटील. त्याचं नाव नाही टाकलं, पण साऱ्या गावाले मालूम आहे. माह्या आज्यानं सोता पाह्यलं, पाटील पोलिसाच्या बाजूनं उभा होता."

खबर आली ती चहाच्या टपरीवरून. पावसाळ्यामुळे रस्त्याचं काम बंद होतं आणि डांबराची पिंपं कडेला पडून होती. तिथल्या चौकीदाराने हवालदारांना सहज सांगितलं, की शाळेतले एक मास्तर डबाभर डांबर मागून घेऊन गेले, छपराची टिनं गळतात म्हणून. हवालदारांनी जाता जाता मास्तरांचं छप्पर पाहिलं. टिनांवर डांबराचा ठिपकाही नव्हता. आणि हे मास्तर त्या पाटलाचे पणतू होते.

मास्तरांना ठाण्यात बोलावलं. चहा दिला आणि काहीच न विचारता बसवून ठेवलं. चोर अशा वेळी दाराकडे बघतो, नाहीतर फार बोलतो. मास्तरांनी कप खाली ठेवला आणि मलाच विचारलं, "साहेब, त्या नावाले डाग तं नाही राह्यला ना?"

माझी चौकशी तिथेच संपली. उरलं ते त्यांनी आपण होऊन सांगितलं. त्यांच्या घराला गावात पिढ्यान् पिढ्या 'फितुराचं घर' म्हणत. बहिणीची सोयरीक देऊळगाव राजाच्या एका घरी जुळत आली होती. मंडळी पंधरा ऑगस्टला, सुटी पाहून, घर बघायला येणार होती. एसटीतून उतरलं की समोर तो खांब. कोणीही विचारलं असतं, हा फितूर कोण, आणि कोणीही बोट दाखवलं असतं.

"पणजोबानं काय केलं मले नाही मालूम," मास्तर म्हणाले. "केलंही असन. पण माह्या बहिणीनं काय केलं, साहेब?"

गुन्हा दाखल केला असता तर मास्तरांची नोकरी अडचणीत येत होती आणि सोयरीक मोडल्यातच जमा होती. दाखल न करावा, तर सरपंच ऐकणारे नव्हते. एक जबाब तेवढा बाकी होता. त्या काळातल्या एक आजी गावात हयात होत्या, त्यांच्याच हातून अनावरण व्हायचं होतं. त्यांच्या आईने रानात जाऊन गवत कापलं होतं. मी सरपंचांना सोबत घेऊन त्यांच्याकडे गेलो.

आजी ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "काय लेहलं होतं बापू, ज्याच्यावर डांबर टाकलं?" त्यांनी विचारलं. मी ओळ म्हणून दाखवली. शेंगांचं सूप बाजूला सरलं.

"कोनं लेहलं हे? कोन फितूर?"

"तवाचा पाटील, आजी," सरपंच म्हणाले.

"तुले कोनं सांगतलं बे?" आजी कडाडल्या. "पाटलाले सरकारचा हुकूम आला, उद्या कोनाले रानात जाऊ देऊ नोको. चारदोन माणसं सोडली तं आम्हाले कोनाले ठावंच नव्हतं उद्या काय आहे म्हून. पाटलानं कोतवालाले डफडं देलं, अन् गल्लीगल्लीत दवंडी देली. 'आयका हो आयका, उद्या सकाळी नाल्यापलीकडच्या सरकारी रानात कोनी इळा घेऊन जाऊ नये, हो!' जागा सांगतली, टाइम सांगतला, इळा घ्या हे बी सांगतलं. माय म्हने, चला. सारं गाव गेलं. तुहा आजा तं घरी झोपला होता. दवंडी आयकून उठला."

हवालदारांनी तोंडावर हात धरला. मलाही हसू आवरेना. सरपंच तेवढे गंभीर होते.

"पण पाटील पोलिसाच्या बाजूनं उभा होता ना?"

"मंग पाटील कुठी उभा राहीन? नावं सांगाची होती त्याले. ज्यानं त्यानं छाती पुढं करून म्हटलं, माहं लेहा, त्याची नावं त्यानं सांगतली. माह्या मायच्या कडेवर लहानगा होता. पाटील पोलिसाले म्हने, ही बाई रस्त्यानं चालली होती. मांगून मायले म्हने, हे कोनाले बोलू नोको. माही पाटीलकी गेली तं पुढच्या टायमाले दवंडी कोन देईन?"

"आजी, तुम्ही हे आधी काऊन नाही सांगतलं?" सरपंचांचा आवाज आता पडला होता.

"मले वाटे, साऱ्याले मालूम आहे. फितुराचं घर म्हनत, ते मी समजो सरकारले फितूर म्हून."

मी विचारलं, "आजी, एवढी माणसं का गेली? तुरुंगाची भीती नव्हती?"

"भेव होतं ना बापू. पण दावणीले गाय रातभर हंबरे. रान आपलं, गवत आपलं, अन् गाय उपाशी. ज्याची गाय होती तो गेला, ज्याची नव्हती तो बी गेला. सुराज म्हंजे काय ते मले मांगून समजलं. तवा गाय समजत होती."

सरपंच माणूस वाईट नव्हते. त्यांनी गावाच्या वतीने तक्रार नसल्याचं लिहून दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी पाथरवटाकडून डांबरासकट ती ओळ छिन्नीने उडवली. मास्तरांनी सगळ्यांसमोर हात जोडले. आजींनी मात्र एक अट घातली आणि ती पुरी होईपर्यंत सरपंचांची पाठ सोडली नाही.

चौदा ऑगस्टला दिवस मावळायच्या आत गावात डफडं वाजलं. कोतवाल गल्लीगल्लीतून ओरडत होता, "आयका हो आयका, उद्या सकाळी खांबापाशी कोनी येऊ नये, हो!"

सकाळी खांबापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही पार्ट्या होत्या. देऊळगाव राजाची मंडळी एसटीतून उतरली ती थेट त्या गर्दीतच, आणि फितूर कोण हे विचारायच्या आत त्यांना पाटलाच्या दवंडीची गोष्ट तीन-चार जणांनी सांगून टाकली. मास्तरांची बहीण त्याच घरी पडली. सुखात आहे.

पुढे बंदीचे हुकूम मीही पुष्कळ काढले, बजावले. दर वेळी मला तो न पाहिलेला पाटील आठवायचा. रानात गेलेल्यांची नावं दगडावर आहेत, ती असायलाच हवीत. पण त्या दिवशी माझ्यासारखाच एक सरकारी माणूस सरकारच्या बाजूने उभा होता, आणि तोही गावाचाच होता. अंगावर खाकी असताना माणसाला काय करता येतं, हे मला कोणत्या प्रशिक्षणात नाही, त्या ओसरीवर कळलं. त्याचे उपकार मी आजही मानतो.

अनावरण झाल्यावर आजींनी मला गर्दीतून जवळ बोलावलं. "काऊन हो ठाणेदार साहेब," त्या म्हणाल्या, "कोनी येऊ नये म्हून काल दवंडी देली होती. तुम्हाले आयकू नाही आली काय?"

"आली ना आजी," मी म्हणालो, "म्हणून तर आलो."