ट्रामचा राम झाला त्याची गोष्ट

मुंबईच्या कौतुकाचं एक गाणं आमच्या ठाणे-कल्याणकडच्या बायका भोंडल्याला वर्षानुवर्षं म्हणत आल्या. ते पारंपरिक आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. परंपरा काही रहाटावर पाणी ओढायला आली नव्हती. ते गाणं माझ्या आईनं डोंबिवलीत, विहिरीवर आणि चिडून रचलं.

आई गिरगावातली. लग्न होऊन डोंबिवलीत आली तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळालं होतं, पण आमच्या आळीला वीज मिळाली नव्हती. भाताची खाचरं मागच्या दाराशी, कंदिलाच्या काचा रोज पुसायच्या आणि पाणी रहाटानं ओढायचं. त्या रहाटाच्या करकरीवर तिनं ओळी जुळवल्या:

नळ सोडिता पाणी येई, विहीर नाही गं,
बटण दाबिता दिवा लागे, काजळी नाही गं,
रस्त्यामधुनी ट्राम धावे, घंटा वाजे गं,
अशी माझी मुंबई बाई, माहेर साजे गं.

कौतुक मुंबईचं आणि टोमणा डोंबिवलीला. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे सून बोलली आणि कुणालाच लागलं नाही. आळीतल्या बायकांना चाल आवडली. पाटावर हत्तीचं चित्र मांडून त्याच्याभोवती फेर धरून त्या ते हौसेनं म्हणायला लागल्या.

गाण्याला आणखी एक कडवं होतं, ते मात्र भोंडल्यात कधी आलं नाही. त्याचं कारण माझी आत्या. वडिलांची ही थोरली बहीण लग्न न करता शाळेत मास्तरीण झाली होती आणि आमच्याकडेच राहायची. शाळेत व्याकरण शिकवायची, घरी आल्यावरही तेच चालू. कुणाला शाबासकी द्यायची तर ‘ठीक’ एवढंच म्हणायची. आई तिला चळाचळा कापायची आणि ती शाळेत गेली की विहिरीवर मोकळ्या गळ्यानं म्हणायची:

वन्सं माझ्या मास्तरीणबाई, चष्मा नाकावर गं,
आमटी माझी नापास करिती बसुनी पाटावर गं.

हे कडवं आई, मी आणि रहाट, एवढ्यांनाच ठाऊक आहे असा आमचा समज होता.

आळीतल्या मुली लग्न होऊन कल्याणला गेल्या, ठाण्याला गेल्या, त्यांच्याबरोबर गाणंही गेलं. कल्याणला ज्या घरी ते पोचलं तिथल्या आजींनी ट्राम कधी पाहिली नव्हती. रस्त्यामधून घंटा वाजवत धावतो कोण, याचा त्यांनी विचार केला आणि ‘ट्राम धावे’चं ‘राम धावे’ करून टाकलं. झालं. भजनी मंडळानं गाणं उचललं. त्या ओळीला बायका हात जोडायच्या, एक-दोघी टाळ वाजवायच्या. हे कानावर आलं तेव्हा वडील हसून हसून बेजार झाले आणि आईच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग ठाण्याला महिला मंडळाच्या गाण्यांच्या चढाओढी झाल्या. आम्ही तिघी गेलो होतो, आत्या आईच्या शेजारी सतरंजीवर ताठ बसलेली. कल्याणच्या बायकांनी रामासकट गाणं म्हटलं आणि बक्षीस मिळवलं. अध्यक्षीणबाईंनी डोळे मिटून सांगितलं, “हा आपल्या आज्या-पणज्यांचा ठेवा आहे. रचणारी कोण होती, ते कुणालाच माहीत नाही.”

आई उठून उभी राहिली. चारचौघांत मोठ्यानं बोललेली मी तिला तेव्हा पहिल्यांदाच पाहिली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “गाणं माझं आहे. त्यात राम नाही, ट्राम आहे.”

सगळ्या हसल्या. कल्याणच्या एक बाई म्हणाल्या, “अहो, आमच्याकडे कधीपासून म्हणतात हे. तुमचं कशावरून?”

“याचं आणखी एक कडवं आहे. ते दुसऱ्या कुणालाच येत नाही.”

“मग म्हणा की.”

आईनं तोंड उघडलं, शेजारी आत्याचा चष्मा दिसला आणि तिची दातखीळच बसली. कडवं म्हणावं तर घरी तोंड दाखवायची सोय नाही, न म्हणावं तर गाणं गेलं. “आठवत नाही,” असं पुटपुटून ती खाली बसली. माझा जीव अगदी कळवळला.

तेवढ्यात आत्या उठली. पदर सावरला आणि वर्गात कविता म्हणावी तशी खणखणीत आवाजात म्हणाली, “वन्सं माझ्या मास्तरीणबाई, चष्मा नाकावर गं...” नापास आमटीसकट अख्खं कडवं तिनं म्हटलं. मग अध्यक्षीणबाईंना सांगितलं, “ती वन्सं म्हणजे मी. गाणं हिचंच आहे. ‘मास्तरीणबाई’त मात्रा जास्त आहेत, पण मजकूर खरा आहे.”

आई ढसाढसा रडली. बक्षीस कल्याणलाच गेलं, मंडळानं दिलेलं परत घ्यायची पद्धत नव्हती.

परतताना आईनं भीत भीत विचारलं, “वन्सं, तुम्हाला कसं कळलं?”

“शाळेला सुट्ट्या असतात,” आत्या म्हणाली. “खोलीत बसून पेपर तपासत असते मी. तुझं लक्ष नसतं.”

पुढच्या भोंडल्याला वन्संचं कडवं आत्यानंच सुरू केलं. बायका हसून हसून फेर विसरल्या. मग गाण्याची शेवटची, मुंबईची ओळ आली तेव्हा आईनं न सांगता-सवरता ती बदलली आणि ‘अशी माझी डोंबिवली बाई, सासर साजे गं’ असं म्हणून मोकळी झाली.

आत्यानं लगेच हात वर केला. “थांबा. मुंबईच्या जागी डोंबिवली बसत नाही.”

“मी बसले ना, वन्सं,” आई म्हणाली, “तीही बसेल.”

आत्यानं चष्मा काढून पुसला. “ठीक,” म्हणाली.