दुसऱ्याच्या खुर्चीत

एकाच दवाखान्यात वीस-वीस वर्षं बसलेल्या डॉक्टरांकडं किती किस्से असतात, मला माहीत नाही. आमच्याकडं मात्र ते साठतच जातात. दर आठवड्याला दवाखाना नवा, सिस्टर नवी, पेशंट नवे. आपण कुणालाच ओळखत नाही आणि कुणी आपल्याला ओळखत नाही. अशा ठिकाणी माणसं काहीही बोलून जातात.

दवाखान्याचे डॉक्टर सुट्टीवर गेले किंवा आजारी पडले, की त्यांच्या जागी दोन-चार दिवस बसायचं, हे आमचं काम. डॉक्टर लोक त्याला लोकम म्हणतात. पेशंट सरळ 'बदली डॉक्टर' म्हणतात. आमचा चौघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्याचं नावही 'बदली'च. चौघांच्याही घरी असं एक तरी माणूस आहे, की ज्याला टाकून रोजची पूर्ण वेळ ड्यूटी जमत नाही.

माझ्या घरी बाबा आहेत. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कितीला सुटते, सगळं तोंडपाठ. आता सकाळचा चहा झाला का नाही, तेवढंही आठवत नाही. आई गेली, भावंडं नाहीत. एका दुपारी मी हॉस्पिटलात होते आणि बाबा उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरातून निघून थेट बसस्टँडवर जाऊन उभे राहिले. ड्यूटीवर आलोय म्हणाले. त्याच महिन्यात मी कायमची नोकरी सोडली. ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ काळे सर, त्यांनी मला पहिलं लोकम मिळवून दिलं.

* * *

ते पहिलं लोकम चिकलठाण्याला होतं. तिथले डॉक्टर बायपाससाठी पुण्याला गेले होते. पेशंट बहुतेक कंपन्यांत काम केलेले, वर्षानुवर्षं त्यांच्याचकडं येणारे. आत आले की आधी माझ्याकडं बघायचे, मग विचारायचे, आमचे डॉक्टर कधी येणार? मी पंधरा दिवस सांगायचे.

चौथ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास त्यांच्या मुलाचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, पण डॉक्टर काही वाचले नाहीत. बाहेर लोकांना लगेच सांगू नका, आहेत तेवढे पेशंट बघून घ्या, बाबांना अर्धवट ओपीडी आवडायची नाही, असं तो म्हणाला.

मी फोन ठेवला. बाहेर वीसेक माणसं होती. मी खुर्चीतून उठले आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून टेबलाच्या कडेला बसले. का, ते मला तेव्हा कळलंही नव्हतं. मग बेल वाजवली.

आत एक म्हातारा कामगार आला. त्यानं मला स्टुलावर बघितलं. मग रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि एवढंच विचारलं, "कधी?"

बाहेर जाऊन त्यानंच सगळ्यांना सांगितलं. कुणी उठून गेलं नाही. नंबराप्रमाणं एकेक जण आत येत राहिला, तपासून घेत राहिला. दोन वाजेपर्यंत त्या खुर्चीत कुणी बसलं नाही.

* * *

शाहीन भूलतज्ज्ञ आहे. तिचा मुलगा अदनान नऊ वर्षांचा आहे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून त्याला आधाराशिवाय बसता येत नाही. रोज तीन वाजता त्याची फिजिओथेरपी असते आणि ती शाहीनशिवाय कुणाच्या हातानं करून घेत नाही तो. म्हणून शाहीनचा एक नियम आहे. दीड वाजल्यानंतर नवीन केस घ्यायची नाही.

एका हॉस्पिटलात सर्जननं दीड वाजून गेल्यावर आणखी एक पेशंट आणायला सांगितला. साधं हर्नियाचं ऑपरेशन होतं, दुसऱ्या दिवशी केलं तरी चालणारं. शाहीन नाही म्हणाली. सर्जन सगळ्या स्टाफसमोर चिडले. तुम्हाला घरच सांभाळायचं असेल तर या लायनीत यायचंच कशाला, इथपर्यंत बोलले.

शाहीन मास्क काढत होती. ती शांतपणानं म्हणाली, "सर, एकदा बेशुद्ध केलं की त्या माणसाला सोडून मला जाता येत नाही. म्हणून तो शुद्धीत आहे तोवरच नाही म्हणतेय."

 दुसऱ्या दिवशी सर्जननी ऑपरेशनची लिस्ट सकाळी आठ वाजता लावली. अजूनही आठलाच लावतात.

* * *

काळे सरांचा उस्मानपुऱ्यात स्वतःचा चांगला चालणारा दवाखाना होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सरांनी दवाखाना बंद केला. आता आठवड्यातून दोनच सकाळी लोकम करतात. काकू शाळेत शिकवायच्या, वर्ग दणाणून सोडणारा आवाज. झटक्यानंतर दोनच शब्द उरले, "असू दे." भूक लागली तरी असू दे, राग आला तरी असू दे.

फर्दापूरला एका दवाखान्यात सर मंगळवारी जायचे. काकू दुसऱ्या कुणापाशी राहात नाहीत, म्हणून त्यांनाही गाडीत घालून न्यायचे. व्हीलचेअर बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी लावायचे.

एका मंगळवारी एक तरुण मुलगी सासूबरोबर आली. पहिलं बाळ जन्मून सातव्या दिवशी गेलं होतं. जेवत नाही, झोपत नाही, कुणाशी बोलत नाही, अशी सासूची तक्रार. सरांनी तिला बरंच विचारलं, पण ती खाली बघून बसली. सरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट येईपर्यंत बाहेर थांबायला सांगितलं. सासू कुणाशी तरी बोलायला अंगणात गेली. मुलगी काकूंच्या शेजारच्या बाकावर बसली.

काकूंनी डाव्या हातानं तिचा हात धरला. सिस्टरनं हे बघितलं, म्हणून आम्हाला कळलं. ती मुलगी आधी रडली, मग बोलायला लागली. बाळाचं नाव काय ठेवणार होते, ते कुणासारखं दिसायचं, शेवटच्या सकाळी दूध प्यायलं नाही तेव्हा आपल्याला कळायला पाहिजे होतं, सगळं. तासभर बोलली. काकू मधूनमधून म्हणत होत्या, असू दे, असू दे.

रिपोर्ट घेऊन ती आत आली तेव्हा सरांना वाटलं आता परत पहिल्यापासून विचारावं लागणार. तर तीच म्हणाली, "सर, बाहेरच्या मॅडम परत कोणत्या वारी बसतात?"

सरांनी मंगळवार सांगितला. ती पुढं सहा मंगळवार आली.

* * *

सुजाता गायकवाड बालरोगतज्ज्ञ आहे. तिच्या घराण्यातली पहिली डॉक्टर. वडील महानगरपालिकेत सफाई विभागात होते. ती पास झाली त्या आठवड्यात त्यांनी तिच्या नावाची पितळी पाटी करून आणली. पुढं सुजाताला जुळी मुलं झाली, नवऱ्याची बदली लांब झाली आणि ती लोकम करायला लागली. लावायला स्वतःचं दार नाही म्हणून पाटी कपाटात. वडील महिन्यातून एकदा ती काढून पुसायचे आणि परत ठेवायचे. कधी काही बोलायचे नाहीत. सुजाता म्हणायची, बोलले असते तर बरं झालं असतं.

मुलं पाच वर्षांची झाल्यावर ती एका मोठ्या हॉस्पिटलात मुलाखतीला गेली. समोर तिघं जण. तिचा बायोडेटा उलटसुलट करून एकानं विचारलं, की एवढी चांगली डिग्री आहे, पण कुठंच टिकलेल्या दिसत नाही. ही पाच वर्षं तुम्ही नेमकं काय करत होता?

सुजाता म्हणाली, "घरी दोन लेकरं, बाहेर एकोणीस दवाखाने."

नोकरी मिळाली नाही. त्यांना स्थिर उमेदवार हवा होता. संध्याकाळी तिनं वडिलांना ते सांगितलं. वडील उठले, कपाटातून पाटी काढली, शेजाऱ्याकडून ड्रिल मशीन आणलं आणि भाड्याच्या घराच्या दाराशेजारी भिंतीला दोन भोकं पाडली. घरमालक विचारत आला. वडील म्हणाले, "डॉक्टर इथं राहते, म्हणून पाटी इथं."

* * *

पुढचा किस्सा मी ग्रुपवर कधी टाकला नाही, कारण त्यात चूक माझी आहे.

जालना रोडवरच्या एका डॉक्टरांच्या आईचं नांदेडला ऑपरेशन होतं. त्या दिवशी बसायचा शब्द मी त्यांना दिला होता. सकाळी बाबांना सांभाळणाऱ्या मंगलबाईंचा फोन आला, त्यांच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. मी तिघांनाही फोन केले. सर फर्दापूरला, शाहीन ऑपरेशन थिएटरमध्ये, सुजाताची दोन्ही मुलं तापानं फणफणलेली. शेवटी बाबांचं सांगून, येता येणार नाही असं त्या डॉक्टरांना कळवलं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

दवाखाना भरलेला होता, त्यांना दुपारपर्यंत निघता आलं नाही. आई सुखरूप बाहेर आली. पण आत नेताना त्या आपल्या मुलाला शोधत होत्या, हे मला नंतर त्यांच्या सिस्टरकडून कळलं. कितीतरी दिवस मी तो रस्ता टाळत होते.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. आईला तपासणीला न्यायचंय, गुरुवारी बसाल का, असं विचारत होते. मी म्हटलं, परत तसंच झालं तर? ते म्हणाले, मी दुसऱ्या कुणाला तरी विचारणार होतो, आईनंच ऐकलं नाही. ती म्हणाली, "जिनं बाप सोडला नाही, ती तुझे पेशंट बी सोडायची नाय."

त्या गुरुवारी मी पाऊण तास आधी जाऊन बसले.

* * *

आता शेवटचा. हा गेल्या उन्हाळ्यातला.

उस्मानपुऱ्यातच, घरापासून दोन गल्ल्यांवर, मी एका दवाखान्यात सकाळची ओपीडी बघत होते. मंगलबाईंना गावी जावं लागलं म्हणून बाबांना बरोबर घेऊन गेले. त्यांना बाहेर बाकावर बसवलं, सिस्टरला लक्ष ठेवायला सांगितलं. थोड्या वेळानं सिस्टर आत येऊन म्हणाली, की बाबांनी सगळ्यांसारखा नंबर घेतलाय. मी म्हटलं, घेऊ दे.

बारा वाजता त्यांचा नंबर आला. शर्टाची वरची गुंडी लावून ते आत आले, हात जोडून नमस्कार केला आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. मी एप्रन घातला होता. त्यांनी मला ओळखलं नाही.

मी विचारलं, "काय होतंय?"

त्यांनी मागं वळून दार बंद आहे ना ते बघितलं. मग खुर्ची पुढं ओढली.

"डॉक्टर, माझी लेक बी डॉक्टर हाय. पण तिला हे कळू द्यायचं नाय. म्हणून तुमच्याकडं आलो."

"नाही सांगणार. काय झालंय?"

"तिचं नाव आठवंना मला." ते टेबलाकडं बघत होते. "चार दिस झाले. दिवसभर ती माझ्यापाशी असती, माझं सगळं करती. मी नुसतं बाई बाई म्हणून भागवतो. तिला कळलं तर लई वाईट वाटंल."

मी त्यांची नाडी धरली.  मग प्रिस्क्रिप्शनचा कागद ओढला, त्यावर माझं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, हे दिवसातून तीन वेळा वाचायचं.

त्यांनी कागद लांब धरून अक्षर-अक्षर लावत वाचलं, "मी-ना-क्षी." घडी घालून तो वरच्या खिशात ठेवला. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "जेवणाआधी का जेवणानंतर?"