घरामागचा हौद

डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटचा फोम घामेजला की त्याला ओल्या रबराचा वास येतो आणि मला सांगोल्याच्या एक बाई आठवतात. त्यांच्या डाळिंबाच्या बागेशेजारी, मोकळ्या प्लॉटवर, मी त्यांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवून अजून न बांधलेलं घर दाखवत होतो. उंच दिवाणखाना त्यांनी पाहिल्यासारखं केलं आणि तशाच चाचपडत घरामागं गेल्या. “हौद हितं मागं ठेवला व्हय?” मी हो म्हणालो. “मग टँकर कुटनं घालायचा? वाट तर मोटारसायकलीपुरतीच हाय की.” त्या घरात मी हेडसेट घालून दोन महिने रोज फिरत होतो, कुठल्या खिडकीतून किती ऊन येतं तेही तपासलं होतं, पण पाणी कुठून येणार, हे पाहिलं नव्हतं. आराखड्यात हौद पुढं आणला. आता सोलापुरातल्या ऑफिसात नवं घर आखलं, की हेडसेट घालून मी आधी फाटकाशी उभा राहतो आणि टँकरची वाट बघतो.