निळ्या चिलखताचं गिऱ्हाईक

माझं लहानपण जोतिबाच्या डोंगरावर गेलं. देवळाकडं जाणाऱ्या पायऱ्यांना लागून आमचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं. वडील गल्ल्यावर बसायचे आणि समोर येणाऱ्या प्रत्येकावर थोडाफार संशय घ्यायचे. भाव न करता पैसे देणाऱ्याची नोट तर ते उजेडात धरून उलटसुलट बघायचे. "भाव का केला न्हाई ह्यानं?" असं गिऱ्हाईक गेल्यावरही पुटपुटत राहायचे. हे सगळं मी त्यांच्या शेजारी बसून शिकले.

बी.कॉम. झाल्यावर मी कोल्हापुरात मामाकडं राहायला आले. मामानं राजारामपुरीत नेट कॅफे टाकला होता. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं आणि मामाला वाटत होतं की आता दोन वर्षांत बंगला बांधून होईल. सकाळी नोकरीचे अर्ज भरणारी मुलं यायची, संध्याकाळी गेम खेळणारी. दुपारी मात्र शुकशुकाट असायचा. त्या वेळात कॅफे मी सांभाळायची आणि एका कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एक ऑनलाइन खेळ खेळायची. सकाळ-संध्याकाळही जागा रिकामी मिळाली की बसायची.

खेळ असा होता की एक मोठा मुलूख, त्यात देशभरातली माणसं आपापलं पात्र घेऊन हिंडायची, राक्षस मारायची आणि मिळालेल्या वस्तू एकमेकांना विकायची. मला राक्षसांपेक्षा बाजार आवडला. बाजारात आपलं पात्र मांडी घालून बसवायचं, डोक्यावर पाटी लावायची आणि वस्तू मांडायच्या. माझं पात्र दाढीवाल्या योद्ध्याचं होतं. बाईचं पात्र घेतलं की लोक वस्तूचा भाव सोडून भलतंच विचारत बसायचे, म्हणून दाढी. पाटीवर मी इंग्रजी अक्षरांत 'या पावणं' असं लिहिलं होतं. मला वाटायचं, हे कुणाला कळणार आहे?

एकाला कळलं. मोडक्या ढाली, बोथट तलवारी, फाटके बूट असला माल तो माझ्याकडून उचलायचा. आणि सकाळच्या वेळी आला तर भाव न करता. मी सांगेन ती नाणी द्यायचा आणि निघून जायचा, एक शब्द नाही. तोच माणूस दुपारी आला की हिंदी मिसळून अदबीनं बोलायचा, "भाऊ, थोडा कमी करा ना." आणि संध्याकाळी आला की एका ढालीसाठी अर्धा तास घासाघीस करायचा. काल ठरलेला भाव आज त्याच्या लक्षात नसायचा. मी आठवण करून दिली की म्हणायचा, "असं मी बोललोच न्हाई."

बाजारातले बाकीचे विक्रेते मला सावध करायचे. तो खोट्या वस्तू तयार करतो, त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांचीही खाती बंद होतात, असं कुणी सांगायचं. कुणी म्हणायचं, तो कंपनीचाच माणूस आहे, विक्रेत्यांवर नजर ठेवायला बसवलाय. मी त्याला वस्तू विकणं थांबवलं नाही, पण प्रत्येक वेळी मिळालेली नाणी नीट तपासून घ्यायला लागले.

पुढं मला निळं चिलखत मिळालं. डोंगराआड बसलेल्या एका राक्षसाला मारत मारत पावसाळा संपला होता, तेव्हा कुठं ते माझ्या हाती आलं. बाजारात तसं दुसरं कुणाकडं नव्हतं. मी ते मांडलं आणि त्याच संध्याकाळी त्याचा निरोप आला. खेळातली नाणी नकोत, खरे पैसे देतो, म्हणाला. आणि लगेच विचारलं, "कोल्हापूरचाच न्हवं तू? कुठल्या कॅफेत बसतोस? एकटाच असतोस का?"

याला हे कशाला हवंय, असं मला वाटलं. पण रक्कम मोठी होती. माझ्यासाठी तरी होती. मी मामाला सांगितलं. मामानं आधी डोक्याला हात लावला. "न दिसणारी वस्तू रोख पैशाला घ्यायला कोण येतंय? येणारा एक तर खुळा आसंल, न्हाई तर चोर." मग विचार करून म्हणाला, "येऊ दे. माझ्यासमोर येऊ दे. दुपारचा बोलव."

तो दुपारी आला, आणि एकटा नाही आला. दोघं होते. एक चाळिशीचा, भरदार मिशांचा, हाताला ग्रीसचे डाग. इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. दुसरा विशी-बाविशीचा बिहारी विणकर, रातपाळी करून तसाच एस.टी.त बसलेला, डोळे तांबारलेले. दोघंही दारात उभं राहून आत कोण कोण आहे ते बघत होते.

"या की पावणं, बसा," मामा म्हणाला.

"बसतो. त्यो दाढीवाला कुठं हाय?" जॉबरनं विचारलं.

"मीच," मी म्हणाले.

जॉबरनं विणकराकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग मामाकडं. "पावणं, चेष्टा नगा करू. आमी कामाचा दिवस मोडून आलोय."

मी खेळ उघडून दाखवला. दाढीवाला बाजारात मांडी घालून बसला होता. तरी त्याची खात्री पटेना. "हे तुझं खातं कशावरनं? भावाचं आसंल."

मी त्याला आमच्या घासाघिशीतली वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली, त्यानं दिलेल्या एका शिवीसकट. ती ऐकून विणकर पहिल्यांदा हसला. जॉबर मात्र मान खाली घालून खुर्चीत बसला.

आता प्रश्न उरला, आधी कुणी द्यायचं. खेळात देवघेवीची एक खिडकी उघडायची. आपण द्यायची वस्तू आपल्या बाजूला ठेवायची, दोघांनी 'मान्य' दाबलं की व्यवहार झाला, परत फिरवता येत नाही. चिलखत दिलं आणि हे दोघं पैसे न देता उठले तर मी काय करणार होते? पैसे घेतले आणि मी चिलखत दिलं नाही तर ते काय करणार होते?

"पैसे माझ्याकडं द्या, मी धरतो," मामा म्हणाला.

"तुमी तिचं मामा. तुमच्याकडं आन् तिच्याकडं एकच की," जॉबर म्हणाला.

शेवटी असं ठरलं की नोटा दोन कॉम्प्युटरच्या मधे, टेबलावर, सगळ्यांना दिसतील अशा ठेवायच्या. मी एका कॉम्प्युटरवर बसले, विणकर शेजारच्यावर. मी चिलखत खिडकीत ठेवलं. विणकर वाकून नाव वाचायला लागला, कारण हुबेहूब तसंच दिसणारं एक स्वस्त चिलखतही खेळात होतं आणि त्यानं बरेच लोक फसले होते. त्यानं 'मान्य' दाबलं. मी दाबलं, आणि त्याच क्षणी वीज गेली.

पंखे थांबले, पडदे काळे झाले. इन्व्हर्टरची बॅटरी तर मामानं कधीच विकून टाकली होती. अंधुक उजेडात मी पाहिलं, जॉबरचा हात नोटांवर पडला होता आणि मामाचा हात जॉबरच्या हातावर.

"सोडा," मामा म्हणाला.

"तुमी सोडा. आधी सांगा, चिलखत कुणाकडं गेलं?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. विणकर दाराशी गेला आणि तिथूनच म्हणाला, "सामने लाईट आहे."

खरंच होती. समोरच्या मिठाईच्या दुकानात पंखा फिरत होता. जॉबर उठून उभा राहिला. "मेन स्विच कुणी पाडला? माझं अर्धं आयुष्य मागाच्या मोटारीत गेलंय, मला नगा शिकवू."

"त्यांची लाईन वेगळी हाय," मामा म्हणाला. "चला, दावतो." विणकराला आणि मला नोटांपाशी बसवून दोघं मागच्या बोळात गेले. स्विच वरच होता. जॉबरनं टेस्टर मागून घेतला आणि प्रत्येक फ्यूज स्वतः तपासला. परत आला तेव्हा त्याचा आवाज थोडा उतरला होता. "ह्या बाजूचा एक फेज गेलाय," तो विणकराला म्हणाला. "पण तरीबी हितनं हलायचं न्हाई."

मग आम्ही चौघं बसून राहिलो. वायरमनला निरोप गेला होता, तो येईल तेव्हा येईल. मला घरी मामीला सांगून यायचं होतं, तर जॉबर म्हणाला, "न्हाई. तू दुसऱ्या कॅफेत जाऊन चिलखत लपीवशील." त्याला चहा प्यायला जायचं होतं, तर मामा म्हणाला, "एकटं न्हाई. तुमीबी तिकडं जाऊन खातं उघडाल." अखेर चहाच आत मागवला.

उकाड्यात बसून माणूस किती वेळ गप्प राहणार? विणकरानंच सुरुवात केली. त्यांचं खातं तिघांचं होतं. दुपारी रातपाळीहून सुटलेला तो खेळायचा, संध्याकाळी जॉबर, आणि सकाळी त्यांच्या इचलकरंजीतल्या कॅफेचा मालक. "तो दुकान सोडून येत नाही," विणकर म्हणाला. मोडका माल ते तिघं मिळून दुरुस्त करायचे आणि दुप्पट भावानं विकायचे. इतके दिवस मी ज्याला एक लहरी माणूस समजत होते, ती तीन माणसं होती.

"आमीबी तुला तसंच समजत हुतो," जॉबर म्हणाला. "एक डाव लिवलंस 'आलो', एक डाव लिवलंस 'आले'. मी म्हटलं, हितं दोघं जण बसत्यात. एक विकतोय, दुसरा फसवतोय."

आमच्याकडं बायकापोरीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. त्यामुळं दाढी सांभाळणं मला कधी अवघड गेलं नव्हतं. कॉलेजात शिकलेलं 'आले' कधीतरी बोटांतून निसटलं आणि तेवढ्यावरून हा माणूस इतके दिवस संशयात होता. मला हसू आलं. तो मात्र हसला नाही. वीज येईपर्यंत नोटांवरची त्याची नजर हलली नाही.

ऊन कलल्यावर वीज आली. मी खेळ उघडेपर्यंत जॉबर माझ्या खुर्चीमागं, एक हात नोटांवर ठेवून उभा होता. चिलखत माझ्याकडंच होतं, व्यवहार अर्धवट राहिला होता. आम्ही पुन्हा खिडकी उघडली, विणकरानं पुन्हा नाव वाचलं, दोघांनी दाबलं, आणि चिलखत त्यांच्याकडं गेलं. जॉबरनं नोटांवरचा हात काढला. मामानं एकेक नोट ट्यूबलाइटसमोर धरली. सगळ्या खऱ्या होत्या.

रविवारी डोंगरावर गेल्यावर मी वडिलांना सांगितलं. ते गुलालाच्या पुड्या बांधत होते. "आन् उद्या त्यानं माल परत आणला," ते म्हणाले, "तर तोच माल हाय, हे तू कसं वळखणार?" 

दिवाळी झाली. एके दिवशी विणकराचा निरोप आला, नव्या नावाच्या पात्रावरून. तो सणाला गावी गेला होता आणि तिकडून बघतो तर खात्याचा पासवर्ड बदललेला. "दीदी, जॉबरनं बदलला. तुम्ही विचारा त्याला."

मी विचारणार कुठं? पण त्याच आठवड्यात जॉबर स्वतःच कॅफेत आला. बसला नाही. "त्या पोरानं पासवर्ड बदलला," म्हणाला. "गावाला गेला आन् खातं घिऊन गेला. न्हाई तर तू तरी काय तरी केलंस. त्या दिवशी शेजारी बसूनच तर टाईप केलं त्यानं, तू बघितलं आसशील."

"मी काही बघितलं नाही," मी म्हणाले. "पण ते खातं बंद नाही. परवा सकाळी माझ्याकडून दोन मोडक्या ढाली घेतल्या. भाव केला नाही. कोण बोलतंय म्हणून विचारलं, तर लिहिलं, 'गिऱ्हाईक'. बास, तेवढंच."

जॉबरनं माझ्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. मी खोटं बोलतेय का, ते तो शोधत असावा. मग त्यानं बाकड्यावर बूड टेकलं.

"सकाळी?" त्यानं विचारलं.

"सकाळीच."

"आमचा कॅफेवाला माझा मेव्हणा हाय," तो म्हणाला. "बायकोचा सख्खा भाऊ. आता त्याला काय इचारू? घरात दिवाळीचा फराळ त्याच्या ताटात वाढलाय मी."

मामानं चहा मागवला. जॉबरनं तो प्यायला, पैसे द्यायला लागला, मामानं घेतले नाहीत. जाताना म्हणाला, त्या पोराला काही सांगू नको, त्याचा निरोप आला तर. मी हो म्हणाले. पण विणकराचा निरोप पुढच्याच आठवड्यात आला, आणि मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि लिहिलं, "जॉबर असं बोलला? मला खरं नाही वाटत. मेव्हण्याचं नाव पुढं करतो तो." तो इचलकरंजीला परत आला की नाही, मला कळलं नाही.