हवाईत आपलं कोण आहे?

आमच्या मामेसासऱ्यांना पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडा, अर्ध्या तासात ते कुणाच्या तरी घरी चहा पीत बसलेले सापडतील. तोवर त्या घरातल्या बाईंना मामांना चहा बिनसाखरेचा लागतो हे कळलेलं असेल, धाकट्या मुलाच्या ॲडमिशनचं मामांनी स्वतःच्या अंगावर घेतलेलं असेल, आणि निघताना दारात असा काही निरोप रंगेल की बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं एकाच आळीत लहानाची मोठी झाली आहेत. मामा मूळचे कऱ्हाडचे, पण त्यांचं सगळं आयुष्य शारजात रोल्लाच्या बाजारपेठेच्या गजबजाटात गेलं. हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कंपनीत ते परचेस मॅनेजर होते. अर्थात नोकरी हा त्यांचा जोडधंदा. मुख्य धंदा ओळखी काढणे. अनोळखी माणूस दिसला की मामांना चैन पडत नसे. तो आपल्या कुणाचा तरी कुणीतरी असणारच, फक्त अजून चौकशी व्हायची आहे, एवढाच त्यांचा जगाबद्दलचा सिद्धांत, आणि तो खोटा ठरलेला मी फारसा पाहिलेला नाही.

मी नोकरीसाठी अबू धाबीला आलो आणि अल रीम आयलंडवरच्या एका उंच इमारतीत राहू लागलो. पुष्कळ दिवस मला आमच्या वॉचमनचं नावही माहीत नव्हतं. मामा पहिल्यांदा आमच्याकडे आले ते त्या वॉचमनच्या खांद्यावर हात टाकूनच लिफ्टमधून बाहेर पडले. "जावईबापू, हा आपला माणूस बरं का. याचा भाऊ आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवायचा. तुमचा बाथरूमचा नळ गळतोय ना? संध्याकाळी येतोय हा. यल्ला, चला, आता चहा टाका." नळ गळतोय हे त्यांना कुणी सांगितलं ते मी अजून विचारलेलं नाही. एकदा कसल्याशा कागदावर शिक्का हवा होता म्हणून आम्ही दोघं एका सरकारी काउंटरवर गेलो. तिथला तरुण अधिकारी छान हिंदी बोलत होता. एवढा धागा मामांना पुरला. त्याचे आजोबा गलबतातून खजूर घेऊन मुंबईला जायचे, हे पहिल्या पाच वाक्यांत बाहेर आलं. मामांचे वडील तरुणपणी मुंबईत सुक्यामेव्याच्या एका पेढीवर कारकून होते. "मतलब दोनों मिले होंगे!" मामा ओरडले. "इन्शाल्ला मिले होंगे, हबीबी," तो म्हणाला आणि उठून मामांना भेटला. कधीच्याच होऊन गेलेल्या गोष्टीला इन्शाल्ला म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शिक्का मारायचा राहिला होता, तो मला आठवण करून देऊन मारून घ्यावा लागला.

आता असा माणूस प्रवासाला निघाला की काय होत असेल याची कल्पना करा. मामांचा नियम साधा होता. जिथे आपलं कोणी नाही तिथे जायचं नाही. "जागेला काय भेटायचंय, जावईबापू? जागा काय आपल्याला 'बसा' म्हणते का?" त्यामुळे मामामामींच्या प्रत्येक सहलीत एक घर असायचंच. सलालाहला सगळी दुनिया हिरवे डोंगर आणि धुकं बघायला जाते. मामींनी ते डोंगर इचलकरंजीच्या एका कुटुंबाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले, कारण त्या दिवशी तिथे पुरणपोळ्यांचा बेत होता आणि लाटायला हात कमी पडत होते. जॉर्जियाला गेले तेव्हा तिबिलिसीत मेडिकलला शिकणारी आपली चार मुलं मामांना विमानतळावरच सापडली. पोरांचे खायचे हाल चाललेत हे कळल्यावर पुढचे दोन दिवस मामी हॉस्टेलवर पोहे, खिचडी आणि पिठलं करत होत्या. ती मुलं आता डॉक्टर झाली आहेत आणि दिवाळीला न चुकता मामींना फोन करतात. पण जॉर्जिया कसं आहे असं विचारलं तर मामी म्हणतात, "गॅस फार मंद होता तिथला."

मामी कमी बोलतात. त्या घरात बोलायला फट मिळत नसे हे त्याचं एक कारण असावं. मामांच्या रिटायरमेंटची तारीख ठरली, नोकरीबरोबर व्हिसाही जाणार, घर आवरून कऱ्हाडला परतायचं हेही ठरलं, तेव्हा आम्ही दोघांना आमच्याकडे जेवायला बोलावलं. जेवता जेवता मामा एकदम मोठ्या मनाने म्हणाले, "हिने आजवर काही मागितलं नाही. जायच्या आधी एक ट्रिप हिच्या पसंतीची. बोल, कुठे जायचं?" माझ्या बायकोला वाटलं, मामी फार तर काशी म्हणतील. मामींनी भाताचा घास संपवला आणि शांतपणे म्हणाल्या, "हवाईत एक जुनं रँच आहे. तिथल्या राजाच्या काळापासून चालू आहे. गुराखी अजून घोड्यावरून गुरं हाकतात, आणि माळावरून समुद्र दिसतो. तिथे जायचं." आमच्या लेकीच्या हातातला चमचा खाली पडला. "मामीआजी, दॅट्स लाइक द अदर साइड ऑफ द वर्ल्ड!" मामी तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "हो ना? मी पण नकाशात तेच बघितलं."

मामांनी दिलेला शब्द कधी मागे घेतला नाही. हातातला घास मात्र त्यांनी ताटात परत ठेवला. जरा वेळाने त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "पण हवाईत आपलं कोण आहे?"

दुसऱ्याच दिवशी 'मिशन रँच' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि मोहीम सुरू झाली. मामांचा आत्मविश्वास दांडगा. आठवडाभरात माणूस मिळेल अशी त्यांनी ग्रुपवर घोषणा केली. आठ-पंधरा दिवसांत अमेरिकेतल्या मराठी माणसांची त्यांनी चाळणी लावली. होनोलुलूत एक सॉफ्टवेअरवाला मिळालासुद्धा, मिरजेचा. पण तो निघाला वेगळ्या बेटावर. "मधे विमान लागतं," मामा खिन्नपणे म्हणाले, "म्हणजे दुपारी नुसतं डोकावून जा म्हणायची सोय नाही." व्हिसाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने नेमकं त्याच दुखण्यावर बोट ठेवलं. हवाईत तुमच्या ओळखीचं कोण आहे? मामी सांगतात की मामांनी मान खाली घातली. "सर, ॲट प्रेझेंट नोबडी. बट आय ॲम ट्राइंग." व्हिसा मिळाला. लोक अशा वेळी पेढे वाटतात. मामा मात्र कुणाचं तरी वाईट ऐकून आल्यासारखे परतले.

शेवटी त्यांनी थेट रँचच्या ऑफिसातच फोन लावला. आपल्याकडे सकाळ उजाडते तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, त्यामुळे बुकिंग घेणारी मुलगी घरी जायच्या घाईत असायची. पण मामांच्या तावडीतून कोण सुटलंय? "मॅडम, एनीबडी देअर फ्रॉम इंडिया साइड?" त्या बिचारीने खरंच चौकशी केली आणि सांगितलं, माणूस कुणी नाही, पण आमच्या काही बैलांच्या अंगात भारतीय वंशाचं रक्त आहे. मामांनी फोन ठेवला आणि ती सगळी रात्र जागून वाचन केलं. त्या बैलांच्या पूर्वजांत गीर आहे, ओंगोल आहे आणि कृष्णाकाठची गुरंही आहेत, हे त्यांना सापडलं. सकाळी ग्रुपवर मेसेज आला. "मंडळी, बैल हिच्या माहेरचे आहेत!" मामींचं माहेर कऱ्हाडजवळच कृष्णेच्या काठी. दोन दिवस मामा बरे होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की बैल विमानतळावर घ्यायला येत नाहीत.

आणि मग ज्या गोष्टीसाठी सगळी अमेरिका पालथी घातली ती हमरियात त्यांच्याच ऑफिसच्या रिसेप्शनवर बसलेली निघाली. मारितेस नावाची फिलिपिनो बाई, बरीच वर्षं तिथे नोकरीला. मामा पॅन्ट्रीत कुणाला तरी आपलं दुःख सांगत होते, ते तिने कॉफी ढवळता ढवळता ऐकलं. "सर, माय कझिन्स हजबंड इज वर्किंग देअर! सेम रँच, सर!" मारितेसच्या मावसबहिणीचा नवरा त्या रँचवर कुंपणं दुरुस्त करायच्या कामाला होता. मामांच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यांनी त्या मावसबहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि तासाभरात तिचे ते थोरले भाऊ झाले. राहायचं तिच्याकडेच, हॉटेल खलास. पहिल्या दिवशी जेवण, दुसऱ्या दिवशी तिच्या सासूचा वाढदिवस, तिसऱ्या दिवशी चर्चमधली मंडळी आणि गाणी. चौथ्या दिवशी, वेळ मिळालाच, तर रँच.

हा कार्यक्रम मामांनी आम्हाला समक्ष वाचून दाखवला. आम्ही सामान भरायला मदत करायला रोल्लाला गेलो होतो. हॉलमध्ये त्या मावसबहिणीच्या कुटुंबासाठी घेतलेल्या भेटींचा ढीग पडला होता. मामी आत रवा भाजत होत्या. वाचन संपलं तेव्हा त्यांनी गॅस बंद केला आणि हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, मग तुम्ही जाऊन या. मी नाही येत."

मामांना आधी ते ऐकूच आलं नाही. "अगं, सगळं अरेंज झालंय! घरचं जेवण मिळणार आहे तुला."

"तेच तर." मामी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "लग्न झाल्यापासून मी तुमच्या ओळखींच्या घरी जेवतेय. सगळी सोन्यासारखी माणसं, माझं कुणाबद्दल काही म्हणणं नाही. पण मला एकदा अशा ठिकाणी जायचं होतं जिथे दुपारी बोलायला तुम्हाला माझ्याशिवाय कुणी नसेल. किती शोधलं मी ते. नकाशात बोट ठेवावं तिथे तुमचं कुणीतरी निघायचं. अंटार्क्टिकाला जाऊन आलेलासुद्धा तुमचा तो कोल्हापूरचा शास्त्रज्ञ आहे. हे रँच सापडलं तेव्हा वाटलं, चला, इथे तरी ह्यांचं कोणी नाही. घोडेबिडे मला काय करायचेत?"

माझी बायको माझ्याकडे बघायला लागली आणि मी भेटींच्या ढिगाकडे. मामा उठले आणि फोन घेऊन बाल्कनीत गेले. माणसाची ओळख काढताना त्यांना मी हजारदा पाहिलं असेल. जोडलेली ओळख दूर ठेवताना पाहिलं ते त्या दिवशीच. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. "मारितेस सिस्टर, सॉरी, प्रोग्राम खलास... नो नो, नोबडी इज सिक. टेल युवर सिस्टर, गिफ्ट आय विल सेंड बाय पोस्ट." मग तिकडून कारण विचारलं असावं. मामांचा आवाज एकदम लाजल्यासारखा झाला, आणि तरीही त्यात असा काही ताठा होता की कंपनीचं मोठं कंत्राट मिळवल्यावरही आला नसेल. "ॲक्चुअली, सिस्टर, माय वाइफ वॉन्ट्स ओन्ली मी."

ते गेले. हॉटेलात राहिले. रँचवर चार दिवस जात होते एवढं बिलांवरून कळलं. ग्रुपवर एकही मेसेज आला नाही, तेव्हा माझ्या बायकोला काळजी वाटून तिने विमान कंपनीत चौकशीसुद्धा केली. परत आले त्या दिवशी मी त्यांना घ्यायला गेलो. मामींच्या डोक्यावर गवती टोपी होती आणि मामांचं नाक उन्हाने सोललं होतं. एरवी गाडीत बसल्या बसल्या मामांकडून विमानातल्या शेजाऱ्याची वंशावळ ऐकायला मिळायची. त्या दिवशी ते पुढे माझ्याशेजारी बसलेच नाहीत, मागे मामींजवळ बसले. "कसं होतं मामा?" मी विचारलं. "छान," ते म्हणाले. बराच वेळ मी पुढच्या वाक्याची वाट बघत गाडी चालवली. मामी काचेतून बाहेर बघत हळूच काहीतरी बोलल्या आणि दोघंही हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आता ते कऱ्हाडला असतात. मामांचा फोन रविवारी येतो आणि तासभर चालतो. बँकेतली नवी मॅनेजर आमच्या कुठल्या नात्यातली आहे, दूधवाल्याच्या मुलाला दुबईत कुठे चिकटवता येईल, सगळं साद्यंत कळतं. त्यांच्या जाण्याने माझं इथलं जग फार लहान झालं. वॉचमन बदलला, त्याचं नाव मी मुद्दाम विचारून घेतलं, पण पुढे काय बोलावं ते सुचेना. कधी फोनवर बोलणं संपत आलं की मी आशेने म्हणतो, "मामा, त्या रँचवर काय झालं ते एकदा सांगा की." मग मागे मामींचं हसू ऐकू येतं. जगातलं प्रत्येक घर ज्यांनी आमच्यासाठी उघडं केलं ते मामा म्हणतात, "नको जावईबापू. तेवढं राहू दे आमच्या दोघांत."