वाफेच्या गाडीला पाणी कोण पाजणार

जावयाला शिव्या देता येत न्हाईत, ही आमच्या तांड्यातली सगळ्यात मोठी तकलीफ आहे. पोराला देता येतात, भावाला देता येतात, बैलाला तर रोजच. जावई समोर आला की 'जावईबापू' म्हणायचं आन् पाण्याचा तांब्या पुढं करायचा. म्हणून ह्या गाड्यांच्या भानगडीत मला जेवढं बोलायचं होतं त्याच्या अर्धंच बोललो. बाकीचं इथं लिहून राहिलो.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण साखर कारखान्याच्या बॉयलरवर मी तीस हंगाम फायरमन होतो. वाफ काय असते हे मला कुणी शिकवायची गरज न्हाई. ती माझ्या भुवया दोनदा घेऊन गेली आहे.

जावई पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो. चांगला आहे, लेकीला सुखात ठेवतो, दारूला शिवत न्हाई. सुट्टीच्या दिवशी मात्र टेबलावर शिपाई मांडून लढाई करतो. अंगठ्याच्या पेराएवढे शिपाई, टेपनं मोजून पुढं सरकवायचे, फासे टाकायचे, कोण मेलं ते बघायचं. लढाईही कधी झालेली न्हाई अशी. विलायतेच्या राणीच्या काळात वाफेवर चालणाऱ्या लोखंडी लढाऊ गाड्या असत्या तर काय झालं असतं, असा तो खेळ. ह्यानं तर आपल्या निजामाला इंग्रजाच्या विरोधात उभं केलं होतं. मी विचारलं, निजाम कवा लढला इंग्रजाशी? तो म्हणाला, "तेच तर, मामा. लढला असता तर."

आमच्या फळीवर मी केलेली पत्र्याची बैलगाडी आहे. चाकं फिरतात, जू निघतं. ती बघून गेल्या दिवाळीत जावई म्हणाला की निजामासाठी चार वाफेच्या गाड्या करून द्या, बाजारातल्या प्लास्टिकच्या गाड्यांना जीव न्हाई. मी व्हय म्हणलं. माझं व्हय म्हणजे व्हय असतं.

मग त्यानं फोनवर चित्रं पाठवली. चित्र काढणाऱ्यानं जन्मात बॉयलर बघितलेलं नसावं. धुराडं बरोबर तोफवाल्याच्या नाकासमोर. भट्टीला दार न्हाई. फायरमनला उभं राहायला जागा न्हाई. मी फोन करून विचारलं की कोळसा कोण टाकतो, तर तो म्हणाला आतली माणसं खेळात मोजत न्हाईत. मोजत न्हाईत. मी तो फोन नुस्ता ठेवून दिला.

गाड्या मी माझ्याच अकलेनं केल्या. गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा, कोटाच्या बटणांची चाकं, सायकलच्या ट्यूबमधल्या वॉल्वचं धुराडं, बॉलपेनच्या रिकाम्या कांडीची तोफ. जोड सगळे कथलाचा डाग देऊन. लोखंडी पत्रा जोडायच्या रिबिटांचे टोप दिसावेत म्हणून पहिल्या गाडीला राजगिऱ्याचे दाणे डिंकानं चिकटवले होते, एकेक दाणा, ओळीत. दोन दिवसांत मुंग्यांनी निजामाची डावी बाजू उघडी पाडली. घरची तोंडाला पदर लावून हसली. मग पत्र्याला आतून खिळ्यानं ठोकून ठोकून टिकल्या उठवल्या, तशा चारी गाड्यांना. भट्टीला दार केलं, ते उघडतं. आत फावडं घेतलेला फायरमन उभा केला. मोजा न्हाईतर नका मोजू.

हे सगळं झाल्यावर मी जावयाला फोनवर एकच गोष्ट विचारली. ह्या गाडीला पाणी कुठून येणार?

"मामा, खेळात पाणी लागत न्हाई."

तीस हंगाम मी एका काचेकडं बघत काढले. बॉयलरच्या त्या काचेत पाण्याची रेघ खाली सरकली की मोठे साहेबसुद्धा चपला टाकून पळायचे. आन् हा म्हणतो, पाणी लागत न्हाई.

पण त्या रागातच मला एक सुचलं. आमचे वाडवडील लमाण. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून फौजांबरोबर फिरायचे. रेल्वे आली, धंदा बसला, आमी नांगर धरला. आता माळावर निजामाच्या चार गाड्या तहानलेल्या उभ्या आहेत, रूळ न्हाईत, ठेसन न्हाई. पाणी आन् कोळसा कोण नेणार? आमीच नेणार की. म्हणजे ह्या न झालेल्या काळात आमच्या तांड्याचा धंदा बसलाच नसता. तेव्हा मला त्या खेळात पहिल्यांदा गोडी वाटली.

मी बारा बैल केले. पोळ्याला करतात तसेच काळ्या मातीचे, आतून तार, सुपारीएवढे. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून पाठीवर पखाली लादल्या. जावयाला कळवलं की बैल न्हाईत तर गाडी न्हाई.

हुरड्याच्या दिवसांत जावई आला. लेक होती आन् त्याचा एक दोस्त होता. हा दोस्त म्हणजे खेळातला इंग्रज. अंगानं जाड, बोलायला गोड, खेळाचे सगळे नियम फोनमध्ये बाळगणारा. गोठ्याचं दार काढून दोन पिंपांवर टाकलं, त्याच्यावर रणांगण. गाड्या बघून त्या दोस्तानं भट्टीचं दार चार-पाच वेळा उघडझाक केलं, तेवढं मला बरं वाटलं. बैल बघून म्हणाला, काका, फार सुंदर, पण नियमाच्या पुस्तकात बैल न्हाईत.

मी म्हणलं, "पुस्तकात न्हाईत म्हणून गाडी बिगरपाण्याची चालते काय?"

जावयानं मान खाली घातली. लेक म्हणाली की बा कबूल व्हायचे न्हाईत, हुरडा थंड होईल, तुमीच कबूल व्हा. मग नियम मी केला. दर गाडीवर पाच चिंचोके ठेवायचे, तेच पाणी. दर डावाला एक उचलायचा. संपले की गाडी उभी. बैल येऊन चिकटला की पुन्हा पाच, आन् त्या बैलाची पखाल रिकामी. गाडी वीतभर चालणार, बैल चार बोटं. दोस्तानं ते फोनमध्ये लिहूनसुद्धा घेतलं.

चार डाव नीट झाले. पाचव्या डावाला इंग्रजानं गाड्यांवर गोळी टाकायचं सोडलं आन् माझ्या बैलांवर टाकली. फासे त्याचेच लागत होते. बारा बैल आडवे. निजामाच्या चारी गाड्या कोरड्या, माळावर उभ्या. जावई माझ्याकडं असा बघून राहिला की जसं मीच फितूर झालो.

मी उठून उभा राहिलो. लमाणाच्या बैलाला कुणी मारत नसतं, हे ह्या लोकांना कुणी सांगितलंच न्हाई. आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे, दोन्ही फौजा समोरासमोर असायच्या आन् तांडा मधून निघून जायचा. दाणा दोघांनाही आमच्याकडूनच लागायचा, मग हात कोण लावणार? दोस्त म्हणाला, मग काका, बैल एकट्या निजामाचे कसे? तो बराबर बोलत होता. चूक माझीच होती. बैल मी जावयाला देऊन टाकले होते.

दुसरी लढाई मांडली. दोन गाड्या निजामाला, दोन इंग्रजाला. बैल मधे, आन् ते हलवणार मी. जो आधी मागंल त्याला पाणी. दोघं कबूल झाले.

शेवटी असं झालं की दोघांच्याही एकेका गाडीवर एकच चिंचोका उरला, आन् पखाल भरलेला बैलही एकच. दोस्त फासे खुळखुळवता खुळखुळवता म्हणाला, काका, इकडं द्या. जावई हुरडा चोळत होता. त्याला वाटलं सासरा आपलाच आहे.

मी बैल इंग्रजाकडं वळवला.

"मामा, अहो, मी जावई आहे."

"त्यांनी आधी मागितलं, जावईबापू."

त्यानं हातातला हुरडा ताटात ठेवला आन् उठला. घरची माझ्या कानाशी येऊन म्हणाली की जावई उपाशी निघाला तर मी तुमच्या ताटात भाकर वाढणार न्हाई. चाळीस वर्षांत तिनं असं कधी म्हणलं न्हाई. मी तरी बैल माघारी घेतला न्हाई. लेकच त्याच्या मागं गेली आन् सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "बसा खाली. लढाईत लमाणाला जावई नसतो." दोस्त हसला, मग जावईपण हसला, पण हुरडा त्यानं थोडाच खाल्ला. मी मोजत होतो.

जाताना गाड्या त्याच्या पिशवीत भरून दिल्या. व्हय म्हणलं होतं, दिल्या. बैल ठेवून घेतले.

पंधरा दिवसांनी फोन आला. पुण्याच्या दोस्तांना आता बिगरपाण्याचा खेळ बेचव लागतो म्हणे. गाड्यांचं राहू द्या, मामा, बैल पाठवा. तीन महिने मी पत्रा ठोकला, बोटं भाजली, त्याचं कुणाला काही न्हाई. मी सांगितलं, लमाणाबिगर बैल जात न्हाईत.

मग तो म्हणाला, तुमीच या.

बैल राजगिऱ्याच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून भरले आहेत. पाणी तिथंही आधी मागणाऱ्यालाच मिळंल, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे. तो व्हय मामा म्हणाला. म्हणताना दात खाल्ले असतील. फोनवर दिसत न्हाई.